एका भाकरीच्या टप्प्यात

संघाची सभा असली की सुमनबाई एकच भाकर थापतात, हे खजुरीत सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी चूल सुनेकडे, आणि सुमनबाईंचं काम ओट्यावर बसून तिच्या चुका काढायचं. पण सभेच्या सकाळी त्या पदर खोचून स्वतः चुलीपुढे बसत, ज्वारीची एक भाकर करत, आत शेंगाची चटणी आणि कांदा ठेवून फडक्यात बांधत आणि संघाच्या अध्यक्षाच्या हातात देत. आधी अध्यक्ष त्यांचे यजमान होते, नरसिंगअप्पा. ते गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, थोरला मुलगा रत्नपाल. संघाची डाळ मिल घरापासून दोनशे पावलांवर, सभा मिलच्याच अंगणात. दोनशे पावलांसाठी शिदोरी कशाला, हे विचारायची नरसिंगअप्पा असताना कुणाची छाती झाली नाही, आणि ते गेल्यावर विचारणं बरं दिसलं नसतं.

आजची सभा मात्र वेगळी होती. दुपारी तीनला संघाचे सभासद एकाच प्रश्नावर हात वर करणार होते. खजुरीचा तूर उत्पादक सहकारी संघ दिल्लीच्या अखिल-देश कडधान्य महासंघात विलीन करायचा की नाही? हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश ‘हो’ म्हणाले की संघ कर्नाटकाच्या कायद्यातून निघून केंद्राच्या कायद्यात जाणार होता. आणि तिथून परत यायची वाट कुणालाच माहीत नव्हती.

सभेआधी घरची बैठक, हाही नरसिंगअप्पांचाच शिरस्ता. बैठकीत बोलायचं ते धाकट्यापासून. प्रत्येकाने एकदाच बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, आणि सगळ्यांत मोठ्याने सगळ्यांत शेवटी. मोठा आधी बोलला की धाकट्याचं तोंड शिवल्यासारखं होतं, असं अप्पा म्हणत. म्हणत आणि पाळतही, हे विशेष.

मंगल पहिल्या काळी-पिवळी जीपने आली तेव्हा पुढच्या खोलीत सगळे जमले होते. ती सुमनबाईंची धाकटी लेक. लग्न करून दिली हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात, उमरग्याच्या बाजूला. अंतर नऊ किलोमीटर. वाटेत एक फलक कानडीतून निरोप देतो आणि पुढचा मराठीतून स्वागत करतो. रान मात्र तेच, काळंभोर, आणि त्यात तीच तूर. मंगलने भिंतीवरच्या बुद्धाला, बाबासाहेबांना आणि त्यांच्याशेजारच्या अप्पांच्या फोटोला हात जोडले.

“जयभीम, अण्णा. जयभीम, अक्का.”

“ये. चहा घे आधी,” पंचशीला म्हणाली. ही मधली. कलबुर्गीत, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यात, वकिली करते आणि माहेरी आली तरी कागदांची पिशवी खांद्यावरून काढत नाही.

मंगलने चहा घेतला, पण बहिणीशेजारी बसली नाही. ती भाच्याशेजारी, रत्नपालच्या सुगतशेजारी बसली. ते पंचशीलाने पाहिलं.

मंगलचं मन सरळ होतं. तिला या संघाचं सभासद व्हायचं होतं, बस्स. संघाच्या पहिल्या पाटीला रंग तिने दिला होता, सात वर्षांची असताना, फ्रॉकला निळे डाग पाडून घेऊन. पण लग्न झालं, शेत पलीकडच्या राज्यात गेलं, आणि नियम असा की सभासदाची जमीन कर्नाटकात हवी. मग दरवर्षी सभेला ती यायची आणि अंगणाच्या कडेला, तुरीच्या पोत्यांवर बसून दुसऱ्यांचे हात वर होताना बघायची. तिची स्वतःची तूर पलीकडचा व्यापारी म्हणेल त्या भावाने जायची. महासंघाला मात्र राज्याची हद्दच नव्हती. सुगतने तिला फोनवर सांगितलं होतं, “आत्या, विलीन झालं की पयला अर्ज तुमचा.” त्या दिवशी तिने शेजारणीला पेढा दिला होता.

“सुगत, बोल,” सुमनबाई म्हणाल्या. त्या पिठाच्या परातीसकट दारातच बसल्या होत्या.

सुगत एकोणतीस वर्षांचा. पुण्यात शिकून आला, दोन वर्षं संघाची विक्री बघतो, आणि त्याने हे सगळं मनापासून केलं होतं. विलीनीकरणाचा मसुदा, नवी नियमावली, रंगीत पुस्तिका, सगळं त्याचं.

“आज्जी, आपल्या डाळीसारखी डाळ न्हाई, हे आपुनच एकमेकायला सांगायलाव. महासंघाची दुकानं चौदा राज्यात हायेत. तिथं आपली डाळ जाईल. मंगलआत्या सभासद हुतील. अलीकडचे, पलीकडचे, सगळे एका संघात. अप्पाआजोबायला हेच पायजे व्हतं की. मी हो म्हणतो.”

“मंगल?”

“मी पण हो.” तिने अप्पांच्या फोटोकडे बघितलं. “मला दिल्ली-बंगळूर काय कळत न्हाई, आई. पंचवीस वर्सं मी पोत्यावर बसायले. मला खुर्ची पायजे.”

पंचशीलाने पिशवीतून दोन नियमावल्या काढल्या, एक जुनी, कडा खाल्लेली. एक नवी, गुळगुळीत. कोर्टात ती ज्या आवाजात बोलते तो आवाज तिने आज बाहेर ठेवायचं ठरवलं होतं. बहिणीचं वाक्य ऐकून तिला ते सोपंही गेलं.

“मी न्हाई म्हणते. कामून ते सांगते. तीन वर्साखाली आपल्या मॅनेजरनं वजनात गडबड केली. धरलं कुणी? मडिवाळप्पानं. अंगठेबहाद्दर माणूस, सत्तरीतला. एष्टीनं तालुक्याला, आळंदच्या हापिसात गेला, तीन तारखा केल्या, मॅनेजर घरी बसला. दर खेपेला मडिवाळप्पा संध्याकाळी आपल्या म्हशीचं दूध काढायला घरी हजर. आता नव्या नियमात बगा. तक्रार करायची ती दिल्लीत. सभा दिल्लीत. आन् सभेला तुमी जायचंच न्हाई, चार संघ मिळून एक प्रतिनिधी जाणार. मडिवाळप्पानं काय करावं?”

“आता ऑनलाइन—” सुगतच्या तोंडून निघालं.

“तुजी पाळी झाली,” सुमनबाई म्हणाल्या.

“आन् सुगत, जुन्यात नियम नऊ हाय. नव्यात मला दिसला न्हाई. तो कुठं गेला?”

सुगत गोंधळला. “आत्या, तो... मला वाटलं आजोबानं गंमत केली. तसला नियम कुठं असतो का? मी काढून टाकला.”

पंचशीलाने जुनी नियमावली उघडून वाचलं. “‘नियम नऊ. संघाची सभा व संघाचे कामकाज अशा ठिकाणी चालावे, की कोणाही सभासदास सकाळी भाकर बांधून निघून त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत घरी परतता यावे.’”

रत्नपालने मान खाली घातली. सभेच्या दिवशी अकरा वर्षं ती भाकर त्याने हातात घेतली होती, आणि हा नियम त्याने एकदाही वाचला नव्हता. अध्यक्ष लोक नियमावली छापून घेतात, वाचतात दुसरे.

पण सगळ्यांत आधी उसळली ती मंगल. पाळी झालेली, तरी उभी राहिली, आणि सुमनबाईंनी तिला बस म्हटलं नाही.

“मग अक्का, ह्या नियमानं मी कुठं बसते सांग. मी भाकर बांधून निगते न्हवं का? ही बग, आलेय. संध्याकाळी घरी जाईन. दिल्ली टप्प्यात न्हाई, बराबर. पण मी तर टप्प्यात हाव! मग मला तुमच्या राज्यानं कामून भाईर ठेवलं?”

पंचशीलाजवळ कायद्याचं उत्तर होतं. हद्द, नोंदणी, पोटकलम. बहिणीच्या डोळ्यांत बघून तिला ते देववलं नाही.

“ते चूकच हाय,” ती म्हणाली. “तुजं म्हणणं खरं हाय. पण त्यावर औषध म्हणून आपण सगळ्यांनीच टप्प्याच्या भाईर जायचं का? तू तुजा संघ काढ, पलीकडं, तिथल्या कायद्यानं. कागद मी करते. दोन संघ करार करू. तुजी तूर ह्याच मिलमदी भरडू.”

“मला दुसरा संघ नको. मला अप्पाचा पायजे.” आणि मंगल खाली बसली. तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता.

“रत्नपाल,” सुमनबाई म्हणाल्या.

रत्नपालने घसा साफ केला. साठीचा माणूस, सभेत तासभर सहज बोलणारा. घरच्या बैठकीत मात्र त्याला अजून अप्पा समोर बसलेत असं वाटे.

“पंचे, तुला राज्य लई गोड लागायलंय. गावच्या सोसायटीत अप्पाला पायरीवर उभं कुणी केलं? दिल्लीनं न्हाई. ह्याच गावानं. म्हणून तर अप्पानं आपला संघ काढला. जवळचं सरकार जवळून मारतंय बी. दिल्लीच्या कायद्यानं आपल्या लोकायला उभं केलं, ते इसरू नको.”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे खोलीतले सगळे काही क्षण अप्पांच्या फोटोकडे बघत राहिले. सुमनबाईंनी पंचशीलाकडे पाहून मान हलवली. उत्तराची परवानगी.

“अण्णा, मारणाऱ्याचा हात धराया घटना हाय. ती दिल्लीची न्हवं, आपली सगळ्यांची हाय, आन् ती आपल्याकडनं कुणी काढून घेत न्हाई. पण तूर कुठं भरडायची, मॅनेजर कुणी काढायचा, हे दिल्लीनं ठरवावं असं त्याच घटनेत न्हाई. सहकार राज्याच्या यादीत हाय, बत्तीस नंबरला. ज्यांनी घटना लिवली, त्यांनी याद्या येगळ्या कामून केल्या असतील? दिल्लीला त्यांनी लई ताकद दिली. सगळी न्हाई दिली.”

रत्नपाल हसला, पण ते हसू टिकलं नाही. वकील बहिणीशी वाद घालणं त्याला झेपलं असतं. झेपत नव्हतं ते दुसरंच. ते सांगायला त्याला दोन घोट पाणी लागलं.

“आता बोलून उपेग न्हाई. मी महासंघाला शब्द देऊन बसलोय. म्हैना झाला. ते मला संचालक करणार हायेत, दिल्लीत. घर हो म्हणतंय, असं लिवून दिलंय मी.”

चुलीवर तवा तापून धूर निघत होता. सून धावत आत गेली.

सुगत बापाकडे बघतच राहिला. दोन महिने तो आकडे जमवत होता, पुस्तिकेचे रंग निवडत होता, आज सकाळी आरशापुढे उभं राहून त्याने बोलायची तयारी केली होती. “मग मला पयल्यांदा कामून बोलायला लावलं, बाबा? तुमी आदीच बोलून बसला व्हता की!”

“तुज्या भल्यासाठीच—”

“माज्या भल्याचं मला इचारलं का?” सुगतचा आवाज चिरकला. “हितं एका घरात राहून मला इचारलं न्हाई. तिथं दिल्लीत चार संघाचे तुमी एकटे. तिथून कुणाला इचारणार व्हता?”

हे वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं. ज्या मसुद्यासाठी तो दोन महिने राबला, त्याच्यावरचा सगळ्यांत सरळ आक्षेप त्यानेच घेतला होता. पंचशीलाला टाळी वाजवावीशी वाटली. तिने पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

“आई, आता तू,” रत्नपाल पडेल आवाजात म्हणाला.

“माजं मी सभेत सांगन,” सुमनबाई म्हणाल्या आणि परात घेऊन चुलीकडे गेल्या.

तीन वाजायला आले तेव्हा त्या नुकतीच केलेली भाकर फडक्यात बांधून बाहेर आल्या. रत्नपालने सवयीने हात पुढे केला. “थांब,” असं म्हणून त्यांनी भाकर आपल्याच पदराखाली घेतली आणि चप्पल घालून चालू लागल्या.

मिलच्या अंगणात तीनशे बेचाळीस माणसं होती. नव्या तुरीची धूळ नाकात जात होती. उपाध्यक्ष बसवप्रभु, चिंचेखालच्या मळ्याचे, ठराव वाचून खाली बसले. एके काळी याच बसवप्रभूंच्या वडिलांनी नरसिंगअप्पांना गावच्या सोसायटीच्या पायरीवर उभं ठेवलं होतं. पुढे त्यांची सोसायटी बुडाली आणि बसवप्रभु या संघाचे दोनशे चौथे सभासद झाले. त्यांना पायरीवर कुणी उभं केलं नाही, आणि हे ते स्वतःच दरवर्षी सभेत सांगतात.

मंगल नेहमीच्या जागी होती, कडेला, पोत्यांवर.

“अम्मा, तुमी सात नंबरच्या सभासद,” बसवप्रभु म्हणाले. “पयल्या सातांतल्या तुमीच आता हाव. तुमचं झाल्यावर हात वर करू.”

सुमनबाई उठल्या. माइक त्यांनी बाजूला सारला.

“संघ काढायचा अर्ज गुलबर्ग्याला दिला, तवा तिथला साहेब म्हणला, सही बंगळूरला हुते. कागद बंगळूरला गेला. हे कागदामागं गेले. एकदा गेले, दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला हे तिकडं आन् हिकडं माज्या सासूबाई गेल्या. निरोप कसा द्यावा? चौथ्या दिशी हे आले. आईला मूठभर माती द्यायला गावली न्हाई.”

अंगणात मागे कुणीतरी रडणाऱ्या पोराला घेऊन बाहेर गेलं.

“आल्यावर रडले न्हाईत. भाकर मागितली. खाता खाता म्हणले, सुमन, भाकर बांधून निघालेलं माणूस दिवा लागायच्या आत घरी आलं पायजे. तेवढ्या टप्प्यातलं सरकार आपल्याला दिसतंय, आन् आपुन त्याला दिसताव. मग चार वर्सं भांडले. मोर्चे काढले, अर्ज केले, शिव्या खाल्ल्या. ती सही बंगळूरहून खाली गुलबर्ग्याला आणली. बंगळूरचं सुदिक हितवर वडून आणलं बाबांनो, दिल्लीचं कुठं घेऊन बसलाव! आता तुमी ती सही परत गाडीत बसवून दिल्लीला पाठवायलाव. मी न्हाई पाठवणार. माजा हात खाली.”

त्या बसल्या. रत्नपाल उठला. त्याच्या शर्टाच्या खिशात महासंघाचं पत्र होतं, संचालकपदाचं. ते त्याने काढलं, फाडलं वगैरे काही नाही, घडी मोडून सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, “हे मी घराला न इचारता, तुमाला न इचारता घेतलं. चूक झाली. उद्या वापस पाठवतो. आता ठरावाच्या बाजूनं हात वर करा.”

त्र्याऐंशी हात वर झाले. लागत होते दोनशे अठ्ठावीस. पुण्यात शिकलेल्या सुगतने मोजले, पुन्हा मोजले, आणि तिसऱ्यांदा मोजताना त्याच्या लक्षात आलं की आपण आपला हात वर केलेलाच नाही.

“आयतु,” म्हणजे झालं, असं बसवप्रभु कानडीत म्हणाले आणि ठराव फेटाळल्याची नोंद केली. मडिवाळप्पाने जाऊन सुमनबाईंच्या पायाला हात लावला, आणि म्हशीचं दूध काढायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

मंगल तोवर रस्त्यावर पोचली होती. काळी-पिवळी यायची होती. आईचा तिला अभिमान वाटत होता आणि आईवर तिचा संतापही होता, आणि दोन्ही एकदम वागवताना ती थकून गेली होती. पाठीमागून सुमनबाई आल्या, त्यांच्यामागे पंचशीला.

“घे,” सुमनबाईंनी पदराखालचं फडकं पुढे केलं.

“ही अण्णाची भाकर हाय.”

“त्याला दोनशे पावलं जायचं व्हतं. इतकी वर्सं उगीच दिली.” सुमनबाईंचा आवाज आता कापायला लागला. “तुला लांब जायचंय. तुज्या अप्पाला तयार संघ कुणी दिला व्हता, मंगल? त्यांनी त्यांच्या गावात काढला. तू तुज्या गावात काढ. अप्पाचा संघ म्हंजी ही मिल न्हवं गं. ही भाकर हाय. ती मी तुला दिली. आता अजून काय देऊ?”

मंगलने भाकर घेतली. अजून ऊन होती. आईच्या पदराखाली सगळी सभा ती ऊन राहिली होती. मग मात्र मंगल रस्त्यावरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोकळी होऊन रडली.

“उमरग्याचं हापिस उद्या उघडं हाय,” पंचशीला हळूच म्हणाली. “सकाळी निघालं तर—”

“दुपारी घरी,” मंगल नाक पुसत म्हणाली. “मला माहीत हाय. माजंच राज्य हाय ते.”

काळी-पिवळी आली. मागून सुगत धावत आला. “आत्या, मी येऊ? नियम लिवून देतो. ह्या खेपेला एक बी गाळणार न्हाई.”

“ये. पण लिवणार मी. तू शेजारी बस.”

हद्दीचे दोन्ही फलक मागे गेले तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. मंगलने महासंघाची गुळगुळीत पुस्तिका उलटी केली, कोरी बाजू वर घेतली आणि भाच्याचं पेन मागितलं. संघाला नाव अजून नव्हतं. नियम एक, असं लिहून तिने अप्पांचं वाक्य शब्दन् शब्द उतरवलं. ते तिला सकाळी एकदा ऐकूनच पाठ झालं होतं. मग खाली, गाडीच्या हिसक्यांनी वाकड्या होणाऱ्या अक्षरांत, दुसरा लिहिला.

“‘नियम दोन. हद्दीपलीकडून सभेला आलेल्या माणसाला पोत्यावर बसवू नये. खुर्ची द्यावी.’”

सुगतने तो दोनदा वाचला. मंगलने फडक्याची गाठ सोडली, भाकर मोडली आणि मोठा तुकडा त्याला दिला.